ब्लूज, फ्लॅमेंको आणि वर्ल्ड म्युझिक: मोबाईलवर नवे अल्बम शोधायचे कसे?

एका म्युझिक अ‍ॅपमध्ये आज १० कोटींहून जास्त गाणी असतात. तरी आपण ऐकतो ती फिरून फिरून तीच पन्नास-साठ. बुलढाणा जिल्ह्यातल्या हिवरा आश्रमला बसलेल्या पोराच्या फोनमधला कॅटलॉग आणि बर्लिनमधल्या पोराच्या फोनमधला कॅटलॉग जवळपास सारखाच आहे. पण दोघांची होम स्क्रीन बघितली तर जमीन-अस्मानाचा फरक. गाणी दोघांकडे आहेत, फक्त समोर काय आणायचं हे अ‍ॅप ठरवतं.

या लेखात तीन प्रकारचं संगीत घेऊ: ब्लूज, फ्लॅमेंको आणि वर्ल्ड म्युझिक. तिन्ही आपल्याकडे कमी ऐकली जातात, म्हणून अ‍ॅप ती आपणहून सुचवत नाही. ती शोधायला शिकलात तर तीच पद्धत कोणत्याही संगीताला लागू होते. अ‍ॅपच्या आत काय चालतं, कोणत्या सेटिंग बदलायच्या, कुठे शोधायचं, डेटा किती जाईल आणि शेवटी एक उलटा प्रश्न, असा क्रम ठेवला आहे.

एक सूचना आधीच. इथे सगळी नावं देवनागरीत आहेत, पण म्युझिक अ‍ॅपच्या सर्चला बहुतेक वेळा मूळ स्पेलिंग लागतं. सोपा उपाय म्हणजे नाव आधी गूगलमध्ये देवनागरीत टाका किंवा माईकचं बटण दाबून बोला. तिथे बरोबर स्पेलिंग मिळालं की ते कॉपी करून अ‍ॅपमध्ये पेस्ट करा.

आधी हे तीन शब्द

ब्लूज: अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कापसाच्या पट्ट्यात, गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय शेतमजुरांमध्ये हे संगीत वाढलं. कापूस वेचतानाची गाणी, चर्चमधली गाणी आणि गिटार यांचं हे मिश्रण आहे. बऱ्याच ब्लूजचा साचा १२ बारचा असतो, म्हणजे चार-चार मात्रांचे १२ तुकडे. पहिली ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. मधल्या रिकाम्या जागेत गिटार बोलते. गोंधळात झिलकरी जसे मुख्य गायकाची झील धरतात, तसं इथे गिटार झील धरते असं समजा.

फ्लॅमेंको: स्पेनच्या दक्षिणेला अंदालुसिया नावाचा प्रांत आहे, तिथलं हे संगीत. यात तीन अंगं आहेत: गाणं, गिटार आणि नाच. टाळ्या हे तर यातलं स्वतंत्र वाद्यच आहे. २०१० मध्ये युनेस्कोने फ्लॅमेंकोला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यातल्या सोलेआ या प्रकारात १२ मात्रांचं आवर्तन असतं आणि जोर ३, ६, ८, १० आणि १२ या मात्रांवर येतो. आपल्या एकतालातही १२ मात्रा आहेत, पण सम पहिल्या मात्रेवर. म्हणून आपल्या कानाला फ्लॅमेंको ओळखीचं वाटतं आणि लगेच चकवतंही.

फ्लॅमेंको घडवण्यात स्पेनमधल्या रोमा, म्हणजे जिप्सी, लोकांचा मोठा वाटा आहे. त्यांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्य भागातून बाहेर पडले, हे भाषा आणि जनुकं या दोन्ही अभ्यासांतून दिसतं. पण त्यावरून ‘फ्लॅमेंको म्हणजे आपलंच संगीत’ असं जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते ओढूनताणून आहे. हजार वर्षांच्या वाटेत अरबी, ज्यू आणि अंदालुसियाचं स्थानिक असं बरंच काही त्यात मिसळलं.

वर्ल्ड म्युझिक: हा संगीताचा प्रकार नाही, दुकानातल्या कप्प्याचं नाव आहे. १९८७ मध्ये लंडनच्या एका पबमध्ये काही छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं जमली. आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेच्या रेकॉर्ड दुकानात नेमक्या कुठे ठेवायच्या, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी सगळ्यांसाठी एकच पाटी ठरवली: वर्ल्ड म्युझिक. लंडनच्या दुकानात आपला अभंगही त्याच कप्प्यात जायचा आणि मालीची गिटारही. हे नाव पटत नाही म्हणणारे बरेच आहेत. ग्रॅमी पुरस्कारांनी २०२० मध्ये आपल्या विभागाचं नाव बदलून ‘ग्लोबल म्युझिक’ केलं. आपल्याला याचा उपयोग इतकाच की सर्च करताना दोन्ही शब्द वापरून बघायचे.

अ‍ॅप तुम्हाला नवं का दाखवत नाही?

रेकमेंडेशन इंजिन ढोबळमानाने तीन गोष्टींवर चालतं.

१. इतर लोक काय ऐकतात. याला कोलॅबरेटिव्ह फिल्टरिंग म्हणतात. एक भलामोठा तक्ता डोळ्यासमोर आणा. प्रत्येक ओळ म्हणजे एक माणूस, प्रत्येक कॉलम म्हणजे एक गाणं. तुम्ही आणि दुसऱ्या एकाने ४० गाणी सारखी ऐकली असतील, तर त्याने ऐकलेलं ४१ वं गाणं तुम्हाला सुचवलं जातं. तुमच्यासारखी गाणी ऐकणाऱ्यांपैकी कुणीच फ्लॅमेंको ऐकत नसेल, तर तुमच्यापर्यंत फ्लॅमेंको येण्याची वाटच नाही.

२. गाणं ऐकायला कसं आहे. सॉफ्टवेअर ऑडिओ फाईलमधून वेग, ताल, आवाजाचा पोत, जोर अशा गोष्टी आकड्यांत काढतं आणि जवळपासचे आकडे असलेली गाणी शोधतं.

३. गाण्याबद्दल काय लिहिलंय. कलाकाराचं नाव, लेबल, वर्ष, भाषा, लोकांनी बनवलेल्या प्लेलिस्टची नावं, वेबवरचे लेख. या माहितीला मेटाडेटा म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

यात दोन अडचणी ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे कोल्ड स्टार्ट. नव्या किंवा कमी ऐकलेल्या गाण्याच्या कॉलममध्ये आकडेच नसतात, मग ते सुचवणार कशाच्या जोरावर? दुसरी म्हणजे लोकप्रियतेचा चक्रव्यूह. जे जास्त ऐकलं जातं ते जास्त दाखवलं जातं, आणि जे जास्त दाखवलं जातं ते अजून जास्त ऐकलं जातं. यात कुणाचा कट नाही. तुम्ही अ‍ॅप बंद करू नये एवढंच इंजिनला बघायचं असतं, आणि ओळखीचं गाणं लावलं की माणूस सहसा अ‍ॅप बंद करत नाही.

गावाकडे यात तिसरी अडचण येते. घरात एक फोन, ऐकणारे पाच. सकाळी आजीची भजनं, दुपारी धाकट्याची कार्टून गाणी, संध्याकाळी वडिलांची जुनी लावणी. इंजिनला हा सगळा एकच माणूस वाटतो. मग सुचवण्यांची खिचडी झाली तर नवल काय!

पहिलं काम: फोन तयार करा

- वेगळं खातं: स्वतःचं वेगळं गूगल खातं फोनमध्ये जोडा आणि यूट्यूब म्युझिकमध्ये तेच निवडा. यूट्यूब आणि यूट्यूब म्युझिक यांची हिस्ट्री एकमेकांत मिसळते, म्हणून वेगळ्या खात्याचा फायदा दोन्हीकडे होतो.
- हिस्ट्री साफ करा: यूट्यूबच्या सेटिंगमध्ये हिस्ट्री उघडा. तुमच्या आवडीची नसलेली गाणी एकेक करून काढता येतात. दुसऱ्या कुणाला फोन देताना हिस्ट्री ‘पॉज’ करून द्या.
- स्पॉटिफायमध्ये: ‘प्रायव्हेट सेशन’ चालू केलं की त्या वेळातलं ऐकणं तुमच्या आवडीत सहसा धरलं जात नाही. एखादी प्लेलिस्ट आवडीच्या हिशेबातून वगळायची असेल तर तिच्या तीन टिंबांच्या मेनूमध्ये ‘टेस्ट प्रोफाईल’चा पर्याय असतो.
- ३० सेकंदांचा नियम: स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद वाजलं तरच ते एक ‘स्ट्रीम’ म्हणून मोजलं जातं. नवं संगीत दहा सेकंदांत बदललंत तर ते आवडलं नाही असाच अर्थ इंजिन घेण्याची शक्यता जास्त. नव्या अल्बमला निदान तीन गाण्यांची संधी द्या.
- सेव्ह करा: आवडलेला अल्बम लायब्ररीत टाका, कलाकाराला फॉलो करा. नुसत्या ऐकण्यापेक्षा हे इशारे ठळक असतात.

शोधायच्या सहा वाटा

वाट १: क्रेडिट वाचा. मला सगळ्यात भरवशाची वाटते ती ही वाट. गाणं आवडलं की गायकाच्या नावावर थांबू नका. गिटार कुणी वाजवली, निर्माता कोण, लेबल कोणतं ते बघा. उदाहरणार्थ, ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ या २०११ च्या चित्रपटातलं ‘सेन्योरिता’ सगळ्यांना माहीत आहे. त्यातला स्पॅनिश आवाज मारिया देल मार फर्नांदेझ या फ्लॅमेंको गायिकेचा आहे. त्याच वर्षी अनुष्का शंकरचा ‘ट्रॅव्हलर’ हा सतार आणि फ्लॅमेंको एकत्र आणणारा अल्बम आला. त्याचा निर्माता हाविएर लिमोन. आता लिमोनचं नाव शोधलं की ‘लाग्रिमास नेग्रास’ (२००३) सापडतो. त्यात क्यूबाचा पियानोवादक बेबो वाल्देस आणि फ्लॅमेंको गायक दिएगो एल सिगाला एकत्र आले आहेत. दोन उड्यांत आपण बॉलिवूडच्या आठवणीतून हवाना आणि माद्रिदपर्यंत पोहोचलो. अ‍ॅपमध्ये क्रेडिट अपुरी असतील तर डिस्कॉग्स आणि म्युझिकब्रेन्झ या साईट बघा. म्युझिकब्रेन्झ विकिपीडियासारखी लोकांनी भरलेली आहे, कुणीही सुधारू शकतं.

वाट २: लेबल धरा. छोटं लेबल म्हणजे चांगला कान असलेला दुकानदार. त्याचा एक माल आवडला की बाकीचाही बघायचा. ब्लूजसाठी शिकागोचं अ‍ॅलिगेटर रेकॉर्ड्स (१९७१ पासून). जगभरच्या संगीतासाठी पीटर गॅब्रिएलने १९८९ मध्ये सुरू केलेलं रिअल वर्ल्ड, ज्यावर नुसरत फतेह अली खान यांचा ‘मस्त मस्त’ (१९९०) आला. पश्चिम आफ्रिका आणि क्यूबासाठी वर्ल्ड सर्किट. आणि लोकसंगीतासाठी स्मिथसोनियन फोकवेज. १९४८ मध्ये सुरू झालेलं फोकवेज लेबल १९८७ मध्ये अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेकडे गेलं. खप कितीही कमी असला तरी कोणताही अल्बम बंद करायचा नाही, हे त्यांचं धोरण आहे.

वाट ३: दर महिन्याच्या याद्या. अल्गोरिदम नको असेल तर माणसांनी केलेल्या याद्या बघा. ‘वर्ल्ड म्युझिक चार्ट्स युरोप’ ही यादी १९९१ पासून रेडिओवरचे निवेदक दर महिन्याला बनवतात. ‘ट्रान्सग्लोबल वर्ल्ड म्युझिक चार्ट’ हीसुद्धा परीक्षकांची मासिक यादी आहे. ‘साँगलाईन्स’ हे ब्रिटिश मासिक १९९९ पासून याच विषयाला वाहिलेलं आहे. ब्लूजसाठी मेम्फिसच्या ब्लूज फाउंडेशनचे वार्षिक पुरस्कार आणि ग्रॅमीचे दोन ब्लूज विभाग बघा. फ्लॅमेंकोसाठी लॅटिन ग्रॅमीमध्ये स्वतंत्र विभाग आहे. जिंकलेलं सोडा, नामांकनांची यादी घ्या. खरा खजिना तिथेच असतो.

वाट ४: थेट रेडिओ. ‘रेडिओ गार्डन’ या अ‍ॅपमध्ये पृथ्वीचा गोल दिसतो. सेव्हिल, बामाको, न्यू ऑर्लिन्स, जिथे बोट ठेवाल तिथलं स्टेशन लागतं. न्यू ऑर्लिन्सचं डब्ल्यूडब्ल्यूओझेड हे १९८० पासूनचं लोकवर्गणीवर चालणारं स्टेशन ब्लूज आणि जॅझसाठी उत्तम. अंदालुसियाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं फ्लॅमेंकोसाठी वेगळं चॅनेल आहे. वेळेचं गणित लक्षात ठेवा: हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे ९ वाजतात तेव्हा स्पेनमध्ये दुपारचे ४:३० आणि न्यू ऑर्लिन्समध्ये सकाळचे ९:३० वाजलेले असतात. उन्हाळ्यात त्यांची घड्याळं एक तास पुढे जातात.

वाट ५: बँडकॅम्प. इथे कलाकार स्वतः अल्बम ठेवतात. प्रकार आणि ठिकाण असे टॅग असतात, नवीन आलेलं आधी असं लावता येतं आणि बरेचसे अल्बम विकत घेण्याआधी पूर्ण ऐकता येतात. डिजिटल विक्रीवर बँडकॅम्प १५ टक्के घेतं, पेमेंटचा खर्च वजा जाता बाकी कलाकाराकडे जातं. एखादा अल्बम मनात बसला तर पैसे खर्च करायची ही योग्य जागा.

वाट ६: आपल्या जवळचं. मुंबईत मेहबूब स्टुडिओत २०११ मध्ये महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला, पहिल्याच वर्षी बडी गाय येऊन गेला. या फेस्टिव्हलच्या जुन्या कलाकारांची यादी हीच एक तयार प्लेलिस्ट आहे. मुंबईच्या वॉरन मेंडोन्साचा ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ आणि शिलाँगचा ‘सोलमेट’ हे आपल्याच देशातले ब्लूजवाले. गोव्यात सोनिया शिरसाट फादो गाते. फादो हे पोर्तुगालचं विरहगीत, पण गोव्यात त्याने घर केलं आहे.

दोन तयार साखळ्या

कुठून सुरुवात करावी सुचत नसेल तर या दोन साखळ्या घ्या. दोन्हींची सुरुवात आपल्या ओळखीच्या सुरांपासून होते.

साखळी १: तबल्यापासून फ्लॅमेंकोपर्यंत

- शक्ती, ‘धिस मोमेंट’ (२०२३). झाकीर हुसेन, शंकर महादेवन, जॉन मॅक्लॉफ्लिन. २०२४ चा ग्रॅमी.
- ‘शक्ती विथ जॉन मॅक्लॉफ्लिन’ (१९७६). याच गटाचा पहिला अल्बम, थेट मैफिलीत रेकॉर्ड केलेला.
- ‘फ्रायडे नाईट इन सान फ्रान्सिस्को’ (१९८१). तोच मॅक्लॉफ्लिन, सोबत अल दि मेओला आणि फ्लॅमेंकोचा बादशहा पाको दे लुसिया. तीन गिटार, बाकी काही नाही.
- पाको दे लुसिया, ‘फुएन्ते ई काउदाल’ (१९७३).
- कामारोन दे ला इस्ला, ‘ला लेयेंदा देल तिएम्पो’ (१९७९). कामारोन आणि पाको यांनी १९६९ ते १९७७ या काळात एकत्र बरंच रेकॉर्डिंग केलं. हा अल्बम त्यानंतरचा, आणि यातली इलेक्ट्रिक वाद्यं ऐकून जुन्या रसिकांनी तेव्हा नाकं मुरडली होती.

साखळी २: मोहनवीणेपासून ब्लूजपर्यंत

- विश्वमोहन भट आणि राय कूडर, ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ (१९९३). भटांची मोहनवीणा म्हणजे गिटारचं भारतीय रूप. सळई घासून वाजवायची तीच पद्धत ब्लूजच्या स्लाईड गिटारमध्येही आहे. या अल्बमला १९९४ चा ग्रॅमी मिळाला.
- अली फार्का तुरे आणि राय कूडर, ‘टॉकिंग टिंबक्टू’ (१९९४). माली देशातला गिटारवादक. ऐकताना हे ब्लूज आहे की आफ्रिकेचं लोकसंगीत, सांगता येत नाही.
- तिनारिवेन, ‘तस्सिली’ (२०११). सहारा वाळवंटातले तुआरेग लोक, हातात गिटार.
- बी. बी. किंग, ‘लाईव्ह अ‍ॅट द रीगल’ (१९६५). शिकागोतली मैफल. श्रोत्यांची दाद हा या अल्बमचा अर्धा जीव.
- रॉबर्ट जॉन्सन, ‘किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स’ (१९६१). रेकॉर्डिंग १९३६-३७ चं, त्यामुळे खरखर असणार. हेडफोन लावून ऐका.

डेटा किती जाईल?

सोपं सूत्र: केबीपीएसचा आकडा गुणिले ०.४५ म्हणजे ताशी एमबी.

- ९६ केबीपीएस: ताशी सुमारे ४३ एमबी
- १६० केबीपीएस: ताशी ७२ एमबी
- ३२० केबीपीएस: ताशी १४४ एमबी
- लॉसलेस, सीडीच्या दर्जाचं: ताशी साधारण ३०० ते ४०० एमबी

दिवसाला १.५ जीबीचा पॅक असेल तर १६० केबीपीएसवर वीस तास ऐकता येईल. म्हणजे नुसत्या ऑडिओने पॅक संपत नाही, तो संपतो व्हिडिओने. यूट्यूबवर अल्बम ऐकत असाल तर क्वालिटी सगळ्यात खाली आणा. एसटीने मेहकरला जाता-येता रेंज जाते-येते, त्यासाठी वायफायवर किंवा रात्री उरलेल्या डेटावर अल्बम डाउनलोड करून ठेवा. पंधराशे रुपयांच्या आतल्या इअरफोनवर ३२० आणि १६० मधला फरक बहुतेकांना कळत नाही, उगाच डेटा घालवू नका.

खोट्या अल्बमपासून सावध

यूट्यूबवर ‘रिलॅक्सिंग ब्लूज’ टाकलं की तासनतास चालणारे व्हिडिओ येतात. त्यातले बरेच एआयने बनवलेले असतात. २०२५ मध्ये ‘द व्हेल्वेट सनडाउन’ नावाच्या बँडला स्पॉटिफायवर महिन्याला दहा लाखांहून जास्त श्रोते मिळाले. नंतर तो एआयचा प्रकल्प असल्याचं उघड झालं. एआयचं गाणं ऐकू नये असं नाही, पण आपण काय ऐकतोय ते माहीत असावं. चार गोष्टी तपासा: वादकांची नावं आहेत का, लेबल खरं आहे का, कुठे थेट कार्यक्रमाचा व्हिडिओ आहे का, आणि एकाच वर्षात दहा-बारा अल्बम आलेत का. अमेरिकेच्या एनपीआर रेडिओची ‘टायनी डेस्क’ ही मालिका याला चांगला उतारा आहे. ऑफिसातल्या एका टेबलामागे उभं राहून कलाकार वाजवतात, लपवाछपवीला जागा नाही.

आता उलटा प्रश्न: आपलं संगीत कुणाला सापडेल का?

इथपर्यंत आपण शोधणारे होतो. आता बाजू बदलू. सेव्हिलमधली एखादी मुलगी ‘विदर्भाचं संगीत’ शोधायला बसली तर तिला काय मिळेल?

अवघड आहे. आपल्याकडे खंजिरी भजन आहे, दंडार आहे, भारूड आहे. मोबाईलवर त्यांचे व्हिडिओही रोज चढतात. पण नावं कशी असतात बघा: ‘सुपरहिट भजन’, ‘एकदा नक्की ऐका’, ‘न्यू भजन’. गायक कोण, गाव कोणतं, खंजिरीवर कोण, साल कोणतं, यातलं काहीच नाही. मघाशी म्हटलेला मेटाडेटा तो हाच. तो नसेल तर इंजिनच्या तिन्ही पायांपैकी एक तुटलाच, आणि ऐकणारे थोडे असल्याने दुसराही लुळा.

ब्लूज जगाला माहीत झालं ते नुसतं चांगलं होतं म्हणून नाही. रॉबर्ट जॉन्सन २७ व्या वर्षी गेला, मागे राहिली ती दोन शहरांत रेकॉर्ड केलेली २९ गाणी. तारखा आणि ठिकाणं कंपनीच्या वहीत लिहिलेली होती, म्हणून १९६१ मध्ये त्याचा अल्बम काढता आला. फ्रेड मॅकडॉवेल तर मिसिसिपीतला साधा शेतकरी. १९५९ मध्ये संगीत-संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स त्याच्याकडे टेपरेकॉर्डर घेऊन पोहोचला आणि पन्नाशीत त्याचं नाव जगभर गेलं. याच लोमॅक्सने १९५२ मध्ये स्पेनभर फिरून तिथलं लोकसंगीतही टिपलं होतं. त्याची हजारो रेकॉर्डिंग आज इंटरनेटवर फुकट ऐकता येतात, प्रत्येकासोबत नाव, गाव आणि तारीख.

हे काम मराठीतही झालं आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. एक हजाराहून जास्त गावांतल्या बायकांनी गायलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या मालिकेच्या रूपात येत आहेत. तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव, गाव, तालुका दिलेलं असतं. कष्ट करताना गायलेली, दुःखाला शब्द देणारी गाणी म्हणजे ब्लूज असं म्हणायचं असेल, तर हा आपल्या आज्यांचा ब्लूज आहे. दळणाची गिरणी आली आणि जातं थांबलं, पण त्या ओव्या हरवल्या नाहीत, कारण कुणीतरी नाव-गावासकट त्या लिहून ठेवल्या.

हिवरा आश्रमसारख्या गावाला तर याची आठवण सहज व्हावी. इथल्या आश्रमाला ज्यांचं नाव आहे ते स्वामी विवेकानंद तरुणपणी तयारीचे गायक होते. नरेंद्रनाथ दत्त या नावाने त्यांनी १८८७ मध्ये वैष्णवचरण बसाक यांच्यासोबत ‘संगीत कल्पतरू’ हा बंगाली गीतसंग्रह संपादित केला. प्लेलिस्ट हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधीचं हे काम.

तुमच्या हातात आज त्यांच्यापेक्षा चांगलं साधन आहे. गावातल्या भजनी मंडळाचं किंवा आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग करायचं ठरवलं तर एवढं करा:

१. आधी परवानगी घ्या. नेटवर टाकणार आहात हे स्पष्ट सांगा. नाही म्हटलं तर घरापुरतं ठेवा.
२. फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, फोन गाणाऱ्यापासून दोन-तीन फुटांवर, खंजिरी-ढोलकीपासून लांब.
३. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच बोला: नाव, गाव, तालुका, तारीख, गाण्याचा प्रकार. फाईलचं नाव बदललं तरी आवाजातली माहिती जात नाही.
४. मूळ फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून पाठवू नका, दर्जा घसरू शकतो. ड्राईव्हवर टाका किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.
५. अपलोड करताना शीर्षकात गाणाऱ्याचं नाव, प्रकार आणि गाव लिहा. वर्णनात हेच मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही द्या. वाद्यं आणि साथीदारांची नावं विसरू नका.
६. एक प्रत इंटरनेट अर्काईव्हवर ठेवा. तिथे फुकट आहे आणि तिथला प्रत्येक रकाना भरता येतो.

थोडक्यात

या आठवड्यात तीनच कामं करा. वेगळं खातं काढा. दोनपैकी एक साखळी निवडून पहिला अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने ऐका. आणि त्यात आवडलेल्या एका वादकाचं नाव शोधून त्याचा दुसरा अल्बम सेव्ह करा. दर आठवड्याला एक अल्बम धरला तर वर्षाला ५२ होतात. तीन-चार आठवड्यांत तुमची होम स्क्रीन बदलायला लागेल.

आणि घरात कुणी ओव्या, भारूड किंवा भजन गाणारं असेल, तर चौथं कामही याच आठवड्यात उरका. बी. बी. किंगचा अल्बम पुढच्या वर्षीही तिथेच असेल, आजीच्या ओव्यांचं मात्र तसं सांगता येत नाही.